हर्नियाचा पट्टा: पोटाच्या टीबीवर औषध चालू असताना

रत्नागिरी-चिपळूणच्या मेडिकलमध्ये मिळणारा जांघेचा इलॅस्टिक पट्टा हर्निया बरा करत नाही, ऑपरेशनपर्यंत सांभाळतो. पोटाच्या टीबीत ही वाट लांबते. ऑपरेशन घाईचं नसेल तर सर्जन सहसा आधी औषधांचा कोर्स पुरा करायला सांगतात: दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. चालू संसर्गात ऑपरेशन करून हर्नियाच्या जागी आधाराची जाळी बसवली तर तीच पिकण्याची भीती.

पट्टा उताणं झोपून, गाठ आत सारून मगच बांधायचा. उभ्याने बांधला तर आतडं पट्ट्याच्या गादीखाली चिमटतं. रात्री काढायचा. माप कंबरेचं नव्हे, नितंबांचं. टीबीमुळे पोटात साठलेलं पाणी औषधाने उतरलं की पट्टा सैल पडतो, म्हणून वेल्क्रोचाच घ्या. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे घाम नारिंगी होतो. पांढऱ्या कापडावर डाग दिसले तर घाबरू नका. पावसाळ्यात एक पट्टा वाळतच नाही आणि ओला बांधला की गजकर्ण ठरलेलं. दोन हवेतच.

पोटात पाणी असताना बेंबीच्या हर्नियावर मात्र स्वतःहून बांधू नका, पातळ झालेली कातडी फाटते. गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या तर पट्टा काढून थेट सिव्हिल गाठा. ऑपरेशनात काढलेली हर्नियाची पिशवी टीबीच्या तपासणीला पाठवायला सांगा.