"मरीन प्लाय किंवा समतुल्य"

कर्वेनगरातला आमचा फ्लॅट जुना. दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं. गवंडी, प्लंबर, सुतार असे तिघांच्या मागे धावायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर बोलावला. "काकू, टर्न-की देतो. पाडापाडीपासून सगळं आमचं, तुम्ही फक्त किल्ली घ्यायची." साडेसात लाख, 45 दिवस. बाकी दोघांनी साडेनऊ सांगितले होते. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती.

कोटेशन दीड पानाचं. बाथरूमपुढे "वॉटरप्रूफिंगसह, लमसम", म्हणजे सगळं मिळून एकच रक्कम. किचनच्या कपाटांपुढे "मरीन प्लाय किंवा समतुल्य"; मरीन म्हणजे पाण्यातही टिकणारा प्लाय. पैसे निम्मे आगाऊ, पंधराव्या दिवशी 30 टक्के, उरलेले शेवटी. पंधराव्या दिवसापर्यंत जेमतेम जुन्या फरशा उखडून झाल्या होत्या. पण कागदावर तारीख होती, किती काम झालेलं हवं ते नव्हतं. दिले. 6 लाख त्याच्याकडे गेले आणि माणसं यायची थांबली. "पाऊस आहे हो काकू." घरातल्या कामाला कसला पाऊस!

मग एकदम घाई. एका दिवसात कोबा, दुसऱ्या दिवशी वर टाइल. टाइल लावायच्या आधी नहाणीचं तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचं असतं, खाली ओल उतरते का ते बघायला. मी विचारलं तर गवंडी म्हणाला, "साहेबांनी केमिकल मारायला सांगितलंय, गरज नाही." आठवड्यानं खालच्या आजी आल्या. बोलल्या काहीच नाहीत, मोबाइलवर आपल्या देवघरावरच्या छताचा फोटो दाखवला.

कपाटांची शटरं दोन्ही बाजूंनी सनमायका लावूनच आली, त्यामुळे प्लायवरचा दर्जाचा शिक्का बघायला जागाच नव्हती. कापून उरलेला एक तुकडा मात्र कोपऱ्यात पडला होता, त्याची एक बाजू कोरी. त्यावर भारतीय मानकाचा आकडा, आयएस 303, आणि पुढे एमआर. म्हणजे दमट हवेपुरता टिकणारा, सिंकखाली चालणारा नाही. मरीनवर 710 असतं. तुकडा पातेल्यात तीन तास उकळला. चिरोट्यासारखे पदर सुटले.

"समतुल्यच आहे काकू, कोटेशन बघा की," हे त्याचं उत्तर. वर 85,000 चं "एक्स्ट्रा". पक्कं बिल मागितलं तर 18 टक्के जीएसटी वेगळा म्हणे. सुदैवानं पैसे सगळे बँकेतून गेलेत, त्याची नोंद आहे. रोख दिले असते तर बोलायलाच जागा नव्हती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची आहे, त्याला 2 वर्षांची मुदत असते. वकीलबाईंना मोठ्या उत्साहानं तो तुकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "पुरावा उकळलात? न उकळलेला आहे का एखादा?"

काल सिंकखालचं एक शटर उतरवून ठेवलंय.