अस्वलांच्या मुलखात छातीवरचं पिस्तूल: सात महिन्यांनंतर

आधी हे सांगून टाकते: या सात महिन्यांत मी हे ग्लॉक २० पिस्तूल कुठल्याही जनावरावर झाडलेलं नाही. साधारण नऊशे गोळ्या झाडल्या, त्या सगळ्या नेमबाजीच्या मैदानावर कागदावर. त्यामुळे "अस्वल एका गोळीत पडतं का?" याचं उत्तर इथे मिळणार नाही. रोज अंगावर वागवायला, भिजायला, गंजायला आणि वेळेवर हाताला लागायला ते कसं आहे, एवढंच सांगता येईल.

आम्ही अलास्कात, अँकरेजला राहतो. नवऱ्याला माशांचं वेड, मला बेरी गोळा करण्याचं. म्हणजे अस्वलाला जे दोन पदार्थ सगळ्यात जास्त आवडतात, त्यांच्यासाठीच आम्ही रानात जातो. जून-जुलैत केनाय भागात रशियन नदीत सामन मासे वर चढतात, तेव्हा काठावर माणसं आणि तपकिरी अस्वलं एकाच पंगतीला असतात. मी मूळची जुन्नरकडची. उसाला रात्री पाणी धरायला जायचं तर हातात काठी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी, एवढाच बिबट्यावरचा आमचा बंदोबस्त. इथेही पहिला नियम तोच निघाला: आवाज करत चाला. झुडपं दाट झाली की मी टाळ्या वाजवत "आलो रे बाबा, आलो" असं ओरडत जाते. अस्वलांना मराठी कळत नाही, पण आवाज कळतो, आणि बहुतेक वेळा ती आपणहून वाट सोडतात.

आईला फोनवर हे खरेदीप्रकरण सांगितलं, तर म्हणाली, "अगं, बेरी बाजारात मिळत नाहीत का?"

अमेरिकेतले मराठी वाचक विचारतील म्हणून: एच-वन व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगायला कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे (शिकारीचा वैध परवाना हा त्याला अपवाद). ग्रीन कार्ड आल्यावर आम्ही रीतसर दुकानात गेलो, फॉर्म भरला, तपासणी झाली. अलास्कात २१ वर्षांवरच्या माणसाला बंदूक कपड्याआड बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. मात्र पोलिसाने हटकलं, तर जवळ आहे हे आपणहून सांगावं लागतं.

माझी पहिली खरेदी चुकली. गेल्या वर्षी जूनमध्ये मी पॉइंट ४४ मॅग्नम काडतुसाचं, चार इंची नळीचं, स्टेनलेस स्टीलचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेतलं. इथले जुने लोक डोळे मिटून हेच सुचवतात. १९५०च्या दशकातलं काडतूस, ताकद भरपूर, यंत्र साधं. चाप ओढला आणि गोळी उडाली नाही तर पुन्हा ओढायचा, पुढची गोळी समोर येते. कागदावर सगळं पटलं. पण माझी उंची पाच फूट एक इंच आणि हाताचा पंजा शाळकरी मुलाएवढा. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, मागे न ओढता नुसत्या चापाने झाडायचं, तर तो चाप मला ओढवेनाच. ओढला तरी नळी डावीकडे जायची. पूर्ण ताकदीच्या बारा गोळ्या झाल्या की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा, आणि नंतर नंतर तर गोळी उडायच्या आधीच डोळे मिटायला लागले. मैदानावर शिकवणाऱ्या आजोबांनी एकदा मला न सांगता मध्येच एक रिकामं काडतूस भरलं. मी चाप ओढला, धमाका झाला नाही, तरी माझे हात खाली दचकले. ते हसले नाहीत. म्हणाले, अस्वल राहू दे, तू या यंत्रालाच घाबरतेस.

दुसरी गंमत म्हणजे ते बरोबर नेणंच मी टाळायला लागले. भरल्यावर सव्वा किलोच्या वर. आज जवळच तर जायचंय म्हणत ते घरी राहायचं. फेब्रुवारीत विकलं.

मार्चमध्ये ग्लॉक २० घेतलं, १० मिमी जाडीच्या गोळीचं. भरलेलं वजन १,१०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम दोनशे ग्रॅमचा. पण मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीत, १५ गोळ्या आणि चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. ताकद ४४पेक्षा कमी आहे हे खरंच. वाद घालणाऱ्यांना मी ग्रीनलँडचं उदाहरण देते: तिथे कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक हेच पिस्तूल बाळगतं, आणि त्यांच्या वाटेवर ध्रुवीय अस्वलं असतात. अर्थात त्यांच्याजवळ रायफलीही असतात, हे सांगायला लोक विसरतात.

मूठ जाड आहे. मॅगझिन सोडायचं बटण दाबायला मला पकड थोडी फिरवावी लागते. पंजा याहून लहान असेल तर दुकानात हातात घेऊन, चापापर्यंत बोटाचं पहिलं पेर नीट पोचतं का ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. माझं जेमतेम पोचतं. धक्का मात्र सोसवतो. सात मीटरवर जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात सहा गोळ्या मला आता सहज बसवता येतात. ४४ने तिथे दोनच बसायच्या.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. माणसापासून बचावासाठी विकतात त्या, आत शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्या इथे उपयोगाच्या नाहीत. जाड कातडी, चरबी, स्नायू आणि हाड पार करून खोल जाईल अशी, चपट्या तोंडाची टणक, जड गोळी लागते. मी २२० ग्रेनची, म्हणजे सव्वाचौदा ग्रॅमची वापरते. ती महाग, म्हणून सराव साध्या गोळ्यांवर. पण जी बरोबर नेणार त्या जातीची किमान पन्नास आधी झाडून पाहा. माझ्याकडच्या एका पेटीतली काडतुसं तीनदा अडकली. पेटी बदलल्यावर पुन्हा तो त्रास नाही. धक्क्यापुढे मनगट ढिलं पडलं तरीही अशी पिस्तुलं अडकतात, हे रिव्हॉल्व्हरवाल्यांचं म्हणणं खरं आहे. दमलेल्या हाताने माझंही एकदा तसं झालं.

आता होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. कंबरेला लावलं की पाठपिशवीचा पट्टा त्यावर येतो, आणि मासे धरायचे मेणकापडी विजारबूट घातले की ते पाण्याखालीच जातं. म्हणून इथे छातीवर तिरकं बांधतात. माझं प्लास्टिकच्या साच्याचं आहे. चाप पूर्ण झाकला जातो, ओढल्याशिवाय पिस्तूल सुटत नाही. चढावर मानेला पट्टा घासतो, त्यावर सुती ओढणीची घडी घालते. जुलैत एक स्क्रू ढिला होऊन वाटेत पडला. तेव्हापासून दर रविवारी सगळे स्क्रू आवळते. सलग पाच दिवस पावसात काढल्यावर पिस्तुलाच्या मागच्या एका बारीक पिनेवर गंजाचा ठिपका दिसला. तेलाच्या फडक्याने गेला.

ऑगस्टमधली गोष्ट सांगायलाच हवी. होप ते कूपर लँडिंग अशी रेझरेक्शन पासची ३९ मैलांची वाट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर पुढे चाळीसेक पावलांवर एक तपकिरी अस्वल उभं. माझा हात क्षणात छातीवर गेला. आणि तिथेच मला कळलं की गडबड झालीय. अस्वलावर मारायच्या मिरचीच्या स्प्रेचा डबा, जो आधी हाती यायला हवा, तो पाठपिशवीच्या बाजूच्या खिशात होता. म्हणजे सातआठशे गोळ्यांच्या सरावाने हाताला एकच वाट पाठ झाली होती. अस्वलाने हवा हुंगली, बाजूच्या अल्डरच्या झुडपात वळलं आणि गेलं. आम्ही तिथेच खाली बसलो. नवऱ्याने निमूटपणे डबा काढून माझ्या डाव्या खांद्याच्या पट्ट्याला बांधला.

स्प्रे आधी का, तर टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांचे अलास्कातल्या घटनांवरचे दोन अभ्यास आहेत. २००८च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांना स्प्रेने ९२ टक्के वेळा थोपवलं होतं. २०१२च्या अभ्यासात हातबंदुकीचा (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा) आकडा ८४ टक्के, पण बंदूक जवळ असलेल्यांनी ती चालवली काय आणि नाही काय, शेवटी निकालात फरक दिसला नाही. दोन्हींतल्या घटना सारख्या नाहीत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून भांडू नये हे मला मान्य. तरी धावत्या अस्वलाचा वेग ताशी ५५ किलोमीटर धरला तर तीस मीटर दोन सेकंदांत संपतात. पिस्तूल काढून पहिली गोळी नेमावर बसवायला मला मैदानावर, निवांत असताना, जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्या वेळात स्प्रेचा ढग सोडणं सोपं. पण समोरून जोराचा वारा, गळ्यापर्यंतची झुडपं किंवा रात्रीचा तंबू असला की मला पिस्तूल हवं असतं.

आणि अस्वल मेलंच तर घरी निघून येता येत नाही. जीव वाचवण्यासाठी मारलं असं राज्याच्या वन्यजीव खात्याला ताबडतोब कळवायचं, लेखी अहवाल द्यायचा, आणि नखांसकट कातडं व कवटी काढून सरकारजमा करायची. कातडं आपणच सोलायचं. नवरा म्हणतो, मासा साफ करतानाही तू तोंड फिरवतेस.

प्रवासाचंही बघून घ्या. विमानात पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून सामानात जातं. स्प्रे मात्र प्रवासी विमानात सामानातही चालत नाही, उतरल्या गावी नवा घ्यावा लागतो. गाडीने अमेरिकेच्या खालच्या राज्यांतून येणार असाल तर वाटेत कॅनडा आहे, आणि तिथून हातबंदूक नेण्याचा विचार सोडून द्या.

विकत घ्यायच्या आधी मैदानावर भाड्याने दोन्ही जातींच्या पन्नास-पन्नास गोळ्या झाडल्या असत्या, तर माझा एक उन्हाळा आणि बरेच डॉलर वाचले असते.

स्प्रेच्या डब्याची मुदत पुढच्या मे महिन्यात संपतेय. जुना डबा आम्ही सरावासाठी मोकळ्यावर रिकामा करतो. मागच्या वेळी अर्ध्यात वारा फिरला, आणि फोडणीत मिरची जळल्यासारखे आम्ही दोघं तासभर ठसकत अंगणात बसलो होतो. या वेळी आधी बोट ओलं करून वारा बघणार आहे.