६० दिवसांचं सांगून महिन्याभराचं पिल्लू विकतात, सोलापूरकरांनो पैसे द्यायच्या आधी हे वाचा

सोलापुरात सध्या लॅब (लॅब्राडोर), गोल्डन, पग, हस्की असली कुत्र्यांची पिल्लं विकायचा जो धंदा फोनवर चाललाय त्यातली बहुतेक फसवणूक एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे पिल्लाचं वय. पेपर खोटे, लसीचं कार्ड खोटं, कधी कधी जातच खोटी, हे लोक सांगतात आणि ते खरंच आहे, पण मी हे सगळं भोगल्यावर मला दिसलं ते असं की वय खोटं सांगितलं की बाकीचं सगळं खोटं त्याच्यामागून आपोआप करावंच लागतं. आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहितोय कारण त्याच माणसाची जाहिरात नवीन नंबरवरून अजून चालू आहे.

आप्पा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी संभाजी तलावाला फिरायला जातात, आमच्या घरी पूर्वी एक कुत्री होती तिच्या आठवणी अजून काढतात, म्हणून घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की लॅब आणायचा. वेळ आहे, अंगण आहे, सांभाळायला माणसं आहेत, खर्चाचा हिशोब आधीच केलेला होता. जाहिरात होती: प्युअर लॅब, हेवी बोन, ६० दिवस पूर्ण, लसीचा पहिला डोस झालेला, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरसहित. भाव १४ हजार, पेपर पाहिजे असतील तर वर ४ हजार, आणि पिल्लू होल्ड करायला २ हजार आधी क्यूआर कोडवर.

मी घरी येऊन पिल्लाची आई बघतो म्हणालो तर उत्तर तयार होतं, मादी पुण्याच्या फार्मवर आहे सर, बाहेरची माणसं आली की इन्फेक्शन येतं म्हणून आम्ही कुणाला आत घेत नाही, व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओ आला, त्यात एक सुंदर पिवळी लॅब मादी आणि तिला पिणारी पाच-सहा पिल्लं. दोनच महिन्यांनी मला कळलं की जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाला हाच व्हिडिओ दुसऱ्या नावाने, दुसरं गाव सांगून आला होता. पिल्लू त्याने हायवेवर एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये आणून दिलं, फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटमधून, आणि त्याच क्रेटमध्ये अजून तीन वेगवेगळ्या रंगांची पिल्लं होती, एक तर उघड उघड दुसऱ्या जातीचं. वेगवेगळ्या मादींची पिल्लं एका क्रेटमध्ये कोंबून प्रवास करतात म्हणजे एकाला आजार असेल तर सगळ्यांना लागणार, फार्मवर इन्फेक्शन येतं म्हणून माणसं न घेणारा माणूस हे करत होता.

आप्पांनी नाव बिट्टू ठेवलं. पहिल्या दिवशी तो झोपूनच होता, दूध दिलं तर चाटायचा पण पिल्लांच्या खाण्याचे कोरडे दाणे चावायला जमेना, मी म्हटलं प्रवासाने दमलं असेल. संध्याकाळी माझा मित्र आला, त्याच्या घरी वर्षानुवर्षं कुत्री आहेत, त्याने पिल्लाचा ओठ वर केला आणि म्हणाला, "काय दोन महिन्याचं सांगायलास बे, ह्याचे मागचे दात तरी आलेत का बघ की!" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि दोन महिन्यांपर्यंत ते सगळे आलेले असतात, बिट्टूचे मागचे जेमतेम हिरडीतून टोक काढत होते. वजन अडीच किलोच्याही आत, दोन महिन्यांचं तब्येतीने बरं लॅबचं पिल्लू साडेचार-पाच किलोच्या आसपास भरतं. डॉक्टर म्हणाले पाच आठवड्यांच्या वर हे पिल्लू नाही.

आता लसीचं कार्ड बघा. कार्डावर डीएचपीपीआयचा, म्हणजे पार्वो, डिस्टेंपर असल्या आजारांवरच्या लसीचा डोस पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेला दिल्याचं लिहिलेलं. म्हणजे त्या दिवशी हे पिल्लू तीन आठवड्यांचं असणार, नुकतं धडपडत चालायला लागलेलं, आईचं दूध पिणारं. त्या वयात कुठलाच डॉक्टर ही लस टोचत नाही. लसीच्या बाटलीवर एक सोलून काढता येणारं लेबल असतं, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, डॉक्टर ते काढून कार्डावर चिकटवतात आणि खाली सही, शिक्का आणि आपला रजिस्ट्रेशन नंबर टाकतात. आमच्या कार्डावर पेनाने लिहिलेलं नाव आणि एक रेघोटी, लेबल नाही, शिक्का नाही. कार्ड मात्र रंगीत, गुळगुळीत, कुत्र्यांचे फोटो छापलेलं. असली कोरी कार्डं मिळतात, भरणारा कोण ते महत्त्वाचं.

त्याच रात्री बिट्टूला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे रक्ताची जुलाब, तो वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी शौचाची किट टेस्ट केली, पार्वो निघाला, कुत्र्यांमधला व्हायरसचा आजार. ह्या आजारात आतड्याचं आतलं अस्तर निघून येतं, अंगातलं पाणी जातं, पांढऱ्या पेशी कमी होतात त्यामुळे दुसरी इन्फेक्शन पण घुसतात, आणि व्हायरसला मारणारं सरळ औषध हाताशी नसतं, सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवून धरायचं आणि त्याच्या शरीराने झुंज द्यायची. मोठ्या, भरल्या अंगाच्या पिल्लाला संधी असते. पाच आठवड्यांच्या, आईपासून लवकर तोडलेल्या, जंत न पाडलेल्या पिल्लाच्या अंगात झुंजायला असतं काय? सलाईनची सुई लावायला शीर सापडत नव्हती. आप्पा दवाखान्याच्या बाकावर त्याला टॉवेलात घेऊन बसायचे. त्याच आठवड्यात तो गेला.

विकणाऱ्याला पहिल्याच उलटीला फोन केला होता. त्याने बिलावर नाही पण तोंडी तीन दिवसांची गॅरंटी दिलेली. आधी म्हणाला जागा बदलली की होतं, ताक-भात द्या, उद्या बघू. उद्या परत तेच, उद्या बघू. तीन दिवस असेच काढले आणि मग म्हणाला सर आजार तुमच्या घरी लागला, आमच्याकडची बाकी पिल्लं ओके आहेत. हे वाक्य तुम्हालाही ऐकवतील म्हणून त्याचं उत्तर लिहून ठेवतो. पार्वोचा व्हायरस अंगात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्तही. घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री जे पिल्लू उलट्या करतं ते आजार घेऊनच आलेलं असतं. आणि त्या तीन दिवसांच्या गॅरंटीत हीच मेख आहे, बऱ्याच पिल्लांमध्ये आजार दिसायला लागेपर्यंत गॅरंटी संपलेली असते.

मी पोलिसात जातो म्हणालो तेव्हा तो एकदम मऊ झाला, सर नाराज होऊ नका, उद्याच दुसरं पिल्लू देतो, पैसे नको, फक्त गाडीखर्च द्या. ह्या रिप्लेसमेंटला कृपा करून कुणी हो म्हणू नका, ह्याबद्दल मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतोय. पार्वोचा व्हायरस जमिनीवर, मातीत, भांड्यात, गोधडीत महिनोन् महिने टिकतो, मातीत वर्षभरही राहू शकतो, फिनाईलने जात नाही, सॅनिटायझरने जात नाही. ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून, आधी जागा साबणाने धुऊन मग ते दहा मिनिटं ओलं ठेवायचं, तेव्हा फरशी साफ होते. आमच्या शहाबादी फरशीच्या फटी आम्ही ब्रशने घासल्या, गोधडी आणि पट्टा जाळला, पण अंगणातल्या मातीला ब्लीच कसं लावणार? त्या घरात लगेच दुसरं लस न झालेलं पिल्लू पाठवणारा माणूस तेही मरणार हे जाणून पाठवतो, आणि मेलं की परत म्हणतो बघा तुमच्याच घरात दोष आहे. जुळे सोलापूरच्या त्या कुटुंबाची दोन पिल्लं अशीच गेली.

महिन्याभराचीच का विकतात हे मला नंतर कळत गेलं. इतकं लहान पिल्लू गुबगुबीत, लगेच मन जातं. तीन-चार आठवड्यांपासून वरचं खाणं सुरू करावं लागतं, जंताचं औषध, मग सहा-आठ आठवड्यांची लस, हा सगळा खर्च वाचतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती साधारण दीड महिन्यानंतर उतरायला लागते, म्हणजे पिल्लू आजारी पडायचा काळ विकणाऱ्याच्या घरी न येता आपल्या घरी येतो. शिवाय एवढ्या वयात कान सगळ्यांचेच पडलेले, त्यामुळे कुठलंही पिवळसर पिल्लू लॅब म्हणून खपतं, कान उभे राहिल्यावर समजतं तोपर्यंत नंबर बंद. देशी कुत्री वाईट आहे असं अजिबात नाही, माझा तर आता सगळा जीव त्यांच्यावरच आहे, पण १८ हजार घेऊन खोटं सांगणं वेगळं.

केसीआय पेपरचंही तसंच. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या सर्टिफिकेटवर पिल्लाचं नाव, आई-बापाची वंशावळ, ब्रीडरचं नाव आणि पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो. चिपचा नंबर १५ अंकी, डॉक्टरांकडे स्कॅनर असेल तर पिल्लाच्या मानेवर फिरवला की दिसतो. आम्हाला दिलं ते कुठल्यातरी नर कुत्र्याच्या सर्टिफिकेटचं झेरॉक्स, पिल्लाचे पेपर पोस्टाने येतील म्हणे. पिल्लात चिपच नव्हती तर पेपर कशाचे येणार?

कायदा ह्याबाबत स्पष्ट आहे. २०१७ चे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकायच्या आधी चिप बसवलेली आणि डॉक्टरांनी तपासलेलं पाहिजे. मादीला वर्षात एकदाच पिल्लं आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही, हेही त्यातच आहे. म्हणून फोनवर पहिला प्रश्न नोंदणी नंबरचा विचारा, जो उडवाउडवी करेल त्याच्याशी पुढे भाव करूच नका. पिल्लू आईजवळ, त्यांच्या जागेवर जाऊन बघा, आई दाखवत नसतील तर तिथूनच परत या. ओठ वर करून मागचे दात बघा, दाणे चावून खातंय का बघा, आणि पैसे द्यायच्या आधी पिल्लू आपल्या डॉक्टरांना दाखवू द्या अशी अट घाला, प्रामाणिक ब्रीडर ह्याला नाही म्हणत नाही, मला नंतर असे दोघं भेटलेत.

हस्कीबद्दल एवढंच, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, दुहेरी केसांचं थंडीतलं कुत्रं इथे आणून दिवसभर एसीत कोंडायचं आणि लाईट गेली की धापा टाकताना बघायचं, असं कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं म्हणाल तर ऑनलाईन गेलेल्या रकमेसाठी १९३० ह्या सायबर हेल्पलाईनवर फोन केला आणि सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, हे जितकं लवकर कराल तितकं पैसे अडवले जायची शक्यता जास्त. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं असं वकिलांनी सांगितलं, त्याप्रमाणे लेखी अर्ज दिलाय, ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे, त्यासाठी आधी सल्ला १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवरून घेतला. डॉक्टरांकडून पिल्लाचं वय, वजन, दात आणि पार्वोची टेस्ट असं सगळं लेटरहेडवर लिहून घेतलं, त्याचा फार उपयोग होतोय, कारण कार्डावरची तारीख आणि डॉक्टरांनी लिहिलेलं वय शेजारी ठेवलं की कुणालाही समजतं.

जुळे सोलापूरचं कुटुंब आमच्यासोबत अर्ज देतंय. हॉटेलच्या पार्किंगमध्ये क्रेटमधून पिल्लू घेतलेलं अजून कुणी असेल, तर चॅट डिलीट करू नका, तो व्हिडिओ, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि लसीचं कार्ड जसंच्या तसं जपून ठेवा. त्या क्रेटमधल्या बाकी तीन पिल्लांचं काय झालं हे मला अजून कळलेलं नाही, ती ज्यांच्या घरी गेली त्यांच्याशी बोलायची माझी खूप इच्छा आहे.