खराशो, लाद्ना की दवाय? रशियनमध्ये होकार देताना

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या मुलांना पहिल्याच धड्यात ‘दा’ म्हणजे ‘हो’ भेटतो. तो कुठेही चालतो, पण प्रत्येक गोष्टीला नुसतं ‘दा’ म्हटलं की बोलणं तुटक वाटतं. मग पुढचा शब्द कोणता उचलायचा?

माझ्या मते आधी ‘खराशो’, म्हणजे ‘ठीक आहे’. प्राध्यापक म्हणाले, ‘उद्या नऊला या’, किंवा वसतिगृहाच्या बाईंनी वेळेत परतायला सांगितलं, तर ‘खराशो’ म्हणा. त्यात आदर राहतो. ‘लाद्ना’सुद्धा ‘ठीक आहे’च, पण सलगीतला. शिवाय आवाज जरा उतरला की त्यात ‘बरं, तुम्ही म्हणताय तर’ अशी नाराजी येते. मित्राशी वाद मिटवायला ‘नू लाद्ना’ फार उपयोगी, प्राध्यापकांना मात्र तो उपकार केल्यासारखा ऐकू येईल. दोन्हींत शंका असेल तर बेलाशक ‘खराशो’.

‘दवाय’ हा बेताला दिलेला होकार. ‘सिनेमाला जाऊ या?’ ‘दवाय!’ मोठ्या माणसाला किंवा अनेकांना ‘दवायत्ये’ म्हणायचं. फोन ठेवतानाही ‘नू दवाय’ कानावर पडेल, पण तो निरोप असतो.

कुणी काही मागितलं तर ‘दा, कन्येश्ना’. इंग्रजीत साध्या प्रश्नाला ‘ऑफ कोर्स’ म्हटलं की कधी कधी ‘एवढंही कळत नाही?’ असं टोचतं. त्या धास्तीने ‘कन्येश्ना’ टाळू नका. रशियनमध्ये त्यात आपुलकी असते.

दुसऱ्याचं मत पटलं तर गप्पांत ‘तोच्ना’ (अगदी बरोबर), चर्चेत ‘सग्लासिन’ (सहमत आहे). मुलींनी ‘सग्लास्ना’ म्हणायचं, हे सुरुवातीपासूनच घोटून घ्या. ‘आगा’ आणि ‘उगू’ हे आपल्या ‘हं’सारखे हुंकार मित्रांपुरतेच ठेवा. आणि होकार तोंडाने द्या, कारण आपली डोलणारी मान तिथे नकार समजली जाऊ शकते.

एक वाट मराठी माणसाला आयती मिळालेली आहे. ‘चहा घेणार?’ ‘घेणार.’ आपण क्रियापदच परत करतो, रशियनही तेच करतात: ‘खोचिश चायू?’ ‘खचू.’ नकारार्थी प्रश्नात तर हीच वाट सुरक्षित. ‘तू येणार नाहीस?’ याला नुसतं ‘दा’ म्हटलं तर समोरचा गोंधळतो. येणार नसाल तर पूर्ण सांगा: ‘न्येत, नि प्रिदू’, म्हणजे ‘नाही, येणार नाही.’