विषय विशेषज्ञ की सहायक प्राध्यापक? कृषी एम.एस्सी.नंतरचा निर्णय

राहुरी, अकोला, परभणी, दापोली. विद्यापीठ कुठलंही असो, कृषी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात वसतिगृहात एक चर्चा हमखास रंगते: शेतकऱ्यांपर्यंत नवं तंत्र पोचवणाऱ्या कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) विषय विशेषज्ञ व्हायचं, की महाविद्यालयात सहायक प्राध्यापक?

निदान पगारावरून तरी ठरवू नका. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन केव्हीकेत ५६,१०० आणि महाविद्यालयात ५७,७०० रुपये. खरा फरक पात्रतेत आहे. प्राध्यापकीला नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी लागते, विषय विशेषज्ञाला सहसा त्या विषयातली एम.एस्सी. पुरते. म्हणून बरेच जण नेट निघेपर्यंतची सोय म्हणून केव्हीकेकडे बघतात. मला हे अजिबात पटत नाही.

केंद्रात एकूण मंजूर पदं १६, त्यांत विषय विशेषज्ञ सहा, आणि प्रत्येकाचा विषय वेगळा. महाविद्यालयात अडलं तर शेजारच्या खोलीत त्याच विषयाचे ज्येष्ठ सर असतात. इथे पीक संरक्षणाचा माणूस केंद्रात एकटाच. सकाळी कपाशीवरची बोंडअळी, दुपारी डाळिंबावरचा तेल्या, दोन्हींची उत्तरं त्यालाच द्यायची.

सोयाबीनचं आद्यरेषा पीक प्रात्यक्षिक घ्या, म्हणजे शेतकऱ्याच्याच शेतात नवं तंत्र करून दाखवणं. एका शेतकऱ्याकडे साधारण एक एकर. सुधारित वाणाचं बियाणं, बीजप्रक्रियेचं औषध, कामगंध सापळे केंद्राकडून. जमीन आणि मेहनत त्याची. बाजूलाच त्याचं नेहमीच्या पद्धतीचं रान. काढणीला दोन्हीकडचा उतारा मोजायचा आणि शेती दिनाला गाव बांधावर जमलेलं असताना आकडे सांगायचे. उत्पादन वाढलेलं समोर दिसत असलं, तरी पहिला प्रश्न येतो, "साहेब, खर्च किती वाढला?" त्याचा हिशेब वहीत नसेल, तर वाण कितीही चांगला असो, पुढच्या खरिपात त्याचा पेरा वाढत नाही.

प्राध्यापकीची चाकोरी ठरलेली: तासिका, प्रात्यक्षिकं, पेपर तपासणी, रावेच्या (गावात राहून शेतीचा अनुभव घेण्याच्या अभ्यासक्रमाच्या) कृषिदूत-कृषिकन्यांवर, म्हणजे त्यातल्या विद्यार्थ्यांवर, देखरेख. पण संशोधनाला तिथेच वाव आहे. जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, शिफारस मांडायची उमेद असेल, तर प्रयोगाची सलग वर्षं आणि पीएचडीचे विद्यार्थी विद्यापीठातच मिळतात. पुढे सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशा पायऱ्याही आहेत. केव्हीकेत सहा जणांवर प्रमुखपद एकच.

तरीही ज्याला कृषी विस्ताराची, म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याची, ओढ आहे, त्यानं आधी केव्हीकेच धरावं असं मी म्हणेन. शिफारस कुठे अडते हे तिथल्याइतकं लवकर कुठेच कळत नाही, आणि पुढे शिकवायला गेलात तरी ते ज्ञान वाया जात नाही.

फक्त केंद्र कोणाचं आहे ते बघा. बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव ही नावाजलेली केंद्रं स्थानिक संस्थांची आहेत, तर काही केंद्रं कृषी विद्यापीठांची. संस्थेच्या केंद्रात वेतनाचं अनुदान आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) असलं, तरी नेमणूक संस्थेची असते. निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, वेतनवाढ आणि पीएचडीसाठी रजा या चार गोष्टी रुजू होण्याआधी लेखी विचारून घ्या.