थारला ऑनबोर्ड कॉम्प्रेसर आणि टाकी: कॉम्प्रेसर मस्त, टाकीची घाई नको

गाडी नवीन थार डिझेल, टायर 255/65 आर18. बसवलाय एआरबी कंपनीचा 12 व्होल्टचा ट्विन मोटर कॉम्प्रेसर (म्हणजे गाडीतच कायमचा बसवलेला हवा भरायचा पंप) आणि सोबत हवा साठवायला 4 लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, फिटिंग भोसरीकडच्या एका वर्कशॉपला. कॉम्प्रेसर म्हणाल तर एक नंबर माल. चिखलात नाहीतर वाळूत उतरायच्या आधी 18 पीएसआयपर्यंत हवा सोडायची आणि बाहेर आल्यावर परत 32 करायची, पाइप इकडून तिकडे ओढण्यासकट चारही टायरला सात-आठ मिनिटं लागतात आणि सलग चालवला तरी मध्येच दमून बंद पडत नाही, लायटर सॉकेटवाला पंप वापरलेल्यांनाच यातलं सुख कळेल. आवाज मात्र दणकून आहे. किंमतही अशी की घरी खरा आकडा न सांगितलेला बरा.

टाकीबद्दल लोकांचा भलताच समज असतो, की टाकी भरलेली असली म्हणजे तिच्यातूनच टायर झटक्यात भरतात. हिशोब बघा, टाकी फुल्ल म्हणजे 150 पीएसआय, म्हणजे साधारण 10 बार, म्हणजे 4 लिटरच्या टाकीत बाहेरची 40 लिटर हवा कोंबलेली. टाकीचं प्रेशर टायरएवढं झालं की पुढे हवा जाणारच नाही, म्हणजे कामाची राहिली तीसेक लिटर. थारचा एक टायर आतून साठ-पासष्ट लिटरचा आणि 18 वरून 32 ला न्यायला जवळपास तेवढीच हवा लागते. म्हणजे फुल्ल टाकीत अर्धा टायर! बाकी सगळं कॉम्प्रेसरच करतो. मग टाकी कशाला, तर एअर लॉकर (हवेच्या दाबाने डिफरन्शियल लॉक करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) असेल तर, एअर गनने फिल्टर-रेडिएटर झाडायला, आणि रिमवरून सुटलेला टायर परत बसवताना जो एकदम झटका लागतो त्याला थोडी मदत म्हणून.

आता फिटिंग. ब्रॅकेट झकास केलं होतं, बॉनेटखाली बॅटरीच्या जवळ आणि उंचावर, त्यामुळे केबल छोटी आणि पाण्यात गाडी घातली तरी भीती नाही. कॉम्प्रेसरमधून हवा तापलेली बाहेर पडते म्हणून पहिला तुकडा स्टीलच्या जाळीचा पाइप आणि साधा नायलॉन पाइप पुढे, हेही न सांगता केलं. पण फ्यूज लावले कॉम्प्रेसरपाशी! अहो दादा, ही मोटर 50 अँपिअरच्या आसपास खेचते, मधे केबल घासून शॉर्ट झाली तर तिकडचा फ्यूज काय करणार, तो बॅटरीच्या पॉझिटिव्हला खेटूनच हवा. सांगितल्यावर बदलून दिलं, कुरकुरत. टाकी मागे चेसिसला आडवी लावली आणि ड्रेन कॉक वरच्या बाजूला, म्हणजे पाणी निघणार कुठून? आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की टाकीत पाणी साचतंच, कॉक तळालाच पाहिजे. तेही फिरवून घेतलं. जॉइंटला टेफ्लॉन टेप न वापरता सीलंट लावायला सांगा, टेपचे तुकडे सुटून सोलेनॉइडमध्ये (विजेवर उघडबंद होणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) अडकतात. आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी पूर्ण प्रेशर करून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावायला लावा, बुडबुडे तिथेच दिसतात.

कॉम्प्रेसरला 5 पैकी साडेचार, फिटिंगला 3. लॉकर नसेल तर टाकी नंतर घ्या, ते पैसे जाड केबल, रिले आणि चांगल्या क्विक कपलरवर (पाइप झटकन जोडायच्या-काढायच्या जॉइंटवर) घाला, फक्त टाकीसाठी एक टी जॉइंट आत्ताच टाकून ठेवा म्हणजे पुढे सगळं परत उघडायला नको.