सायकियाट्रिक नर्सिंग: एक वर्षाचा डिप्लोमा करू की एमएस्सी?

हा प्रश्न स्टाफ नर्सेस सारखा विचारतात आणि मागचं कारण बरेचदा वेगळंच असतं. नाइटचा कंटाळा आलाय, आयसीयू आता झेपत नाही, काहीतरी बदल पाहिजे. म्हणून मी एकच गोष्ट आधी बघते, कोर्स झाल्यावर ड्युटी बदलणार आहे का?

पात्रता पटकन सांगते. पोस्ट बेसिक डिप्लोमाला (हाच तो एक वर्षाचा) नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि स्टाफ नर्स म्हणून एक वर्षाचा अनुभव, म्हणजे जीएनएमवाल्या (बीएस्सी नाही, नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) सिस्टर आणि ब्रदरलाही दार उघडं. एमएस्सीला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी, 55 टक्के आणि वर्षाचा अनुभव. जीएनएमवरून एमएस्सीला जायचं तर मधे पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं धरा, मग एमएस्सीची दोन, एकूण चार. घरी लहान मूल असेल किंवा लोनचा हप्ता चालू असेल तर हा आकडा कागदावर लिहूनच बघा.

आता शिकायला काय मिळतं. डिप्लोमाचं अख्खं वर्ष सायकियाट्रीचं असतं, वॉर्ड, ओपीडी, डीअ‍ॅडिक्शन, कम्युनिटी. बंगळुरूचं निम्हान्स किंवा रांचीची सीआयपी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री) अशा मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेत केला तर जे पेशंट बघायला मिळतात ते जनरल हॉस्पिटलच्या वीस बेडच्या युनिटमधे मिळणार नाहीत. एमएस्सीत मात्र स्पेशालिटीच्या जोडीला नर्सिंग एज्युकेशन, रिसर्च, स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंट आणि वर डेझर्टेशन म्हणजे संशोधनाचा प्रबंध, त्यामुळे निम्मा जीव पेशंटपेक्षा फायलीत जातो (गाइड कसे मिळतात ते आणखी वेगळं). पण कॉलेजात लेक्चरर व्हायचं तर एमएस्सीच लागते, डिप्लोमाने ती शिडी चढता येत नाही.

आणि इथेच ड्युटीचा मुद्दा येतो. बऱ्याच प्रायव्हेट हॉस्पिटलमधे सायकियाट्रिक नर्स अशी वेगळी पोस्टच नसते. डिप्लोमा करून आलात तरी रोस्टरवर तेच, दोन नाइट एक ऑफ, आणि कधी कधी वॉर्डही तोच. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार सरकारी मनोरुग्णालयं किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पोस्ट मनात असेल तर डिप्लोमाला खरा अर्थ आहे, पण जिल्ह्याच्या पोस्ट बहुतेक कंत्राटी असतात हे धरून चला. एमएस्सी करून कॉलेजात गेलात तर नाइट सुटते, मग इन्स्पेक्शन आणि पेपर तपासणी मागे लागते, पण झोप तरी घरी मिळते.

वॉर्डात राहायचं ठरलं तर माझं मत सरळ डिप्लोमाकडे आहे, कारण सायकियाट्री वॉर्डात थकवा येतो तो बरेचदा काय करावं हे कळत नाही म्हणून येतो. पेशंट अंगावर आला की चार जण बोलवून बांधायचं, ही जुनी सवय अजून आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला एकट्याला कोंडून ठेवायला बंदी आहे, बांधणं फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तर आणि सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, आणि स्टाफ कमी आहे एवढ्या कारणासाठी तर नाहीच. आता नाइटला चाळीस पेशंटवर दोन सिस्टर असतील तर हे वाचून हसूच येईल, पण बोलून शांत करायचं कसं, कुठे उभं राहायचं, नोट्समधे काय लिहायचं हे वर्षभर कोणीतरी सोबत उभं राहून शिकवलं की भीती बरीच कमी होते. ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सने हे येत नाही, ते रजिस्ट्रेशनच्या रिन्युअलला लागणाऱ्या क्रेडिट अवर्सपुरते ठीक.

आत्ताच खूप थकला असाल, ड्युटीच्या आधी रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर आत्ता कुठलाच फॉर्म भरू नका. दोन्ही कोर्स फुलटाइम आहेत, वर परीक्षा. आधी रजा घ्या, वॉर्ड बदलून मागा, कोणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे आणि 24 तास चालू असतो, पेशंटच्या नातेवाइकांना आपण देतो तोच, स्वतःसाठी लावायलाही काही हरकत नाही.

फॉर्म भरायच्या आधी ऑफिसमधून लेखी घ्या: स्टडी लीव्ह मिळणार की राजीनामा द्यावा लागणार, परत आल्यावर बाँड किती वर्षांचा, आणि पोस्टिंग सायकियाट्रीतच देणार का. तोंडी "बघू सिस्टर" म्हणाले तर ते नाहीच समजा.